लाम्पांग : सागाचं गाव

आज आपण थायलंडच्या उत्तरेला, लाम्पांग नावाच्या जुन्या गावी जाऊ. वांग नदीच्या काठचं हे गाव. तिथली देवळं आणि लाकडी घरं बघायला लोक लांबून येतात. ती उभी राहिली कुणाच्या जिवावर, ते आम्हाला सांगायचं आहे.

साग आपल्याला नवा नाही, मेळघाट-आलापल्लीकडच्या बायांना तर नाहीच. लाम्पांगच्या आसपास सागाचं दाट रान होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रज कंपन्या तिथे पोचल्या. त्यातल्या एका बड्या कंपनीच्या नावात चक्क मुंबई आहे : बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन, १८६३ साली मुंबईतच स्थापन झालेली.

ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून आधी बुंध्याभोवतीची साल गोल कापून काढायची. झाड दोनेक वर्षं उभ्या उभ्या वाळायचं, मग तोड. हत्ती ओंडके ओढत ओढ्यापर्यंत आणायचे, पावसाळ्यात पाणी चढलं की ते नदीला लागायचे आणि नदीनदीतून थेट बँकॉककडे निघायचे. पाणी कमी पडलं की वाटेतच अडकून बसायचे. एकेक ओंडका पोचायला कधी कधी काही वर्षं जात.

या कामाला ब्रह्मदेशातून माणसं आली, बर्मी आणि शान. त्यातले काही ठेकेदार होऊन चांगलेच गबर झाले. पण मोठ्या झाडात आत्मा राहतो, ही त्यांची श्रद्धा. इतकी झाडं मारली, त्यांचा कोप होईल. त्यांची क्षमा मागायला आणि पुण्य जोडायला त्यांनी देवळं बांधली, असं तिथे सांगतात. वाट सी चुम, वाट सी रोंग म्यूआंग ही त्यातलीच. ‘वाट’ म्हणजे बौद्ध देऊळ आणि मठ. एकावर एक चढत गेलेली छपरं, कोरीव लाकूड, त्यात जडवलेल्या रंगीत काचा. सागाची माफी मागायला पुन्हा सागच तोडला, हे आम्हाला जरा खटकलंच.

घरांचंही तसंच. ‘बान साव नाक’ म्हणजे पुष्कळ खांबांचं घर. १८९५ सालचं. जमिनीपासून उंच उचललेलं हे घर ११६ सागवानी खांबांवर उभं आहे. शेवटी रान हटलं. दक्षिण थायलंडमध्ये १९८८ साली महापूर आला, उघड्या पडलेल्या डोंगरांवरून माती आणि ओंडके गावांवर कोसळले, शेकडो माणसं गेली. तेव्हा कुठे १९८९ साली सरकारने देशभर जंगलतोडीवर बंदी घातली.

सागाच्या व्यापाराआधीचीही एक कथा या गावात आहे. ती एका बाईची. सुचादा तिचं नाव, म्हणजे आपली सुजाता. तिच्या मळ्यातल्या कलिंगडात हिरवं रत्न निघालं. तिने ते एका भिक्षूला दिलं आणि त्याची बुद्धमूर्ती घडवली गेली. लोकांनी दोघांबद्दल नको ते उठवलं. भिक्षू मूर्ती घेऊन पळाला, सुचादाचं मात्र डोकं उडवलं गेलं. आख्यायिका आहे, पण अशी गोष्ट ऐकायला आपल्याला थायलंडला जावं लागत नाही. तिच्या मळ्याच्या जागी म्हणे ‘वाट सुचादाराम’ उभं राहिलं.

ती मूर्ती आहे गावापासून काही कोसांवरच्या लाम्पांग लुआंगच्या देवळात. तिथलं मोठं सागवानी सभागृह १४७६ सालचं, चारी बाजूंनी मोकळं. त्याच आवारात एका छोट्या खोलीत, भिंतीतल्या भोकातून आलेल्या उजेडाने स्तूपाची उलटी सावली पडद्यावर दिसते. त्या खोलीत बायांना प्रवेश नाही.

कंदिलाला मात्र असली आडकाठी नाही. त्याला ना सागाचा ओंडका लागतो, ना ठेकेदार. बांबूच्या कामट्या, तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद, आत दिवा. आपली त्रिपुरी पौर्णिमा येते त्याच सुमारास तिकडे ‘यी पेंग’ असतो. दारांवर, देवळांच्या आवारात कंदील टांगतात, मातीच्या पणत्या लावतात. आकाशात सोडायच्या कंदिलांवर आता बंधनं आली आहेत. विमानांना धोका आहेच, शिवाय पेटता कागद कुणाच्या छपरावर उतरेल याचा नेम नसतो. लाकडी गावाला ही धास्ती कळते : वाट सी चुमचं मोठं सभागृह १९९२ साली आगीत जळालं, ते पुन्हा बांधावं लागलं. दाराशी टांगलेला कंदील मात्र चालतो. तो अजूनही लागतो.