न्यायाधीशांची पदवाटणी (भारत)

कोणत्या न्यायालयात किती न्यायाधीश असावेत आणि त्यांनी कुठे बसावे, हे ठरवण्याची व्यवस्था. भारतात हे एका ठिकाणी ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाची संख्या संसद कायद्याने ठरवते : १९५० मध्ये सरन्यायाधीशांसह ८, तर २०१९ च्या दुरुस्तीने ३४. उच्च न्यायालयांची पदसंख्या संविधानाच्या अनुच्छेद २१६ नुसार राष्ट्रपती वेळोवेळी ठरवतात. जिल्हा न्यायालयांतील पदे राज्य सरकार मंजूर करते. तिथल्या न्यायाधीशांच्या बदल्या उच्च न्यायालयाच्या हाती असतात.

देशातील २५ उच्च न्यायालयांत मिळून सुमारे १,१०० पदे मंजूर आहेत. अलाहाबादला १६०, मुंबईला ९४, सिक्कीमला ३. मंजूर पद आणि भरलेले पद यांत मात्र नेहमीच मोठे अंतर राहते. विधी आयोगाने १९८७ मध्ये दहा लाख लोकांमागे साडेदहा न्यायाधीश असल्याचे नोंदवून ५० ची शिफारस केली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच आकडा धरला. आजही देश त्याच्या निम्म्यावर पोहोचलेला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

पक्षकाराच्या दृष्टीने आकड्याइतकेच महत्त्व न्यायमूर्ती कुठे बसतात याला आहे. सावंतवाडीच्या माणसाला उच्च न्यायालयातील तारखेसाठी रात्रभर प्रवास करून मुंबई गाठावी लागे. बोर्डावर प्रकरण खाली असले की दिवसभर कोर्टरूमबाहेर बसायचे. साडेचार वाजले, नंबर लागला नाही, की पुढची तारीख घेऊन परत. प्रवासाचा आणि वकिलाचा खर्च पुन्हा पहिल्यापासून. मुंबई उच्च न्यायालयाची पीठे नागपूर, औरंगाबाद (१९८१) आणि गोवा (१९८२) येथे झाली, तरी दक्षिण महाराष्ट्र मुंबईलाच बांधलेला होता. तिथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी चार दशके आंदोलन केले, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत.

असे बेंच राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ च्या कलम ५१(३) खाली, राज्यपालांच्या संमतीने मुख्य न्यायमूर्ती नेमतात. या कलमाने बसण्याची जागा वाढते, पदे वाढत नाहीत. कोल्हापूरला कोण बसणार हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात, आणि ते न्यायमूर्ती त्याच ९४ मधून द्यावे लागतात.