सूटर आणि त्याचा बर्स

जुन्या स्कॉट्स भाषेत जोडे शिवणाऱ्याला दोन नावं होती. ‘सूटर’ हे त्यातलं जुनं. लॅटिनमध्ये शिवणारा तो ‘सूटॉर’, त्यावरून हे आलं. आपलं ‘शिवणे’ही त्याच आदिम धातूचं. पुढे फ्रेंचांकडून ‘कॉर्डिनर’ आलं. स्पेनमधल्या कॉर्दोबाच्या उंची चामड्याचं काम करणारा, हा त्याचा मूळ अर्थ. शहरांतल्या कारागीर-संघांनी हेच नाव घेतलं आणि ते सनदांत बसलं. सूटर लोकांच्या तोंडी राहिला. हळूहळू त्यात तुच्छताही मिसळली.

1500 च्या आसपास विल्यम डनबार या कवीने शिंपी आणि सूटर यांची यथेच्छ टवाळी केली. मग भरपाईची वेगळी कविता लिहिली. देवाने वेडावाकडा घडवलेला पाय सूटर आपल्या कसबाने सावरून घेतो, असं तिच्यात देवदूत सांगतो. एवढा गौरव कुठल्याही सनदेने केला नसेल.

या कसबाचा खरा माग मात्र हत्यारांच्या नावांत लागतो. आरीला म्हणत ‘एल्सिन’. हा शब्द समुद्रापलीकडच्या डच मुलखातला. राळ चोळलेला दोरा ‘लिंगल’, तो फ्रेंच. ‘बर्स’, म्हणजे डुकराचा राठ केस, हा अस्सल घरचा. दोऱ्याचं टोक निमुळतं करून त्यात बर्स पिळून बसवायचा, की झाली सुई. एल्सिनने चामड्यात पाडलेलं भोक वाकडं असलं तरी लवचीक केस त्यातून वाट काढतो. लोखंडी सुई तिथे अडते. एकाच भोकातून दोन्हीकडून दोन टोकं ओवायची आणि दोन्ही हातांनी ताणून टाका आवळायचा.

इंग्लंडच्या सीमेकडचं सेलकर्क हे जोडे शिवणाऱ्यांचं गाव. तिथे हलका ठरलेला शब्द मानाचा झाला. गावाचं नागरिकत्व देताना सनदेच्या मोहरेला बर्सचा झुबका लावत. तो वाइनमध्ये बुडवून तोंडातून फिरवायचा. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट या परगण्याचे शेरीफ. त्यांची पाळी आली तेव्हा आधीच्यांच्या तोंडचा झुबका त्यांनी आपल्या प्याल्यात खळबळून घेतला. या अवमानाबद्दल ती वाइन त्यांना प्यायला लावली, असं सांगतात.

जोड्यांचा धंदा तिथून केव्हाच ओसरला. सेलकर्कची माणसं आजही स्वतःला सूटरच म्हणवतात, आणि मानद नागरिकाला बर्स चाटावाच लागतो.