एका नर्समागे किती रुग्ण?

मागच्या पावसाळ्यात अब्बांना सरकारी रुग्णालयात दाखल केलं होतं. पाच रात्री मी त्यांच्या खाटेशेजारी काढल्या. रात्रपाळीला वॉर्डात एकच सिस्टर. खाटा 37, आणि जमिनीवर गाद्या टाकून झोपवलेले रुग्ण वेगळे. दुसऱ्या रात्री सिस्टरनी मला सलाइन संपत आलं की नळी कशी बंद करायची ते दाखवलं. तिसऱ्या रात्रीपासून मी शेजारच्या खाटेवरच्या चाचांचं सलाइनही बघू लागलो. आजाऱ्याची देखभाल करणाऱ्याला उर्दूत ‘तीमारदार’ म्हणतात. नर्स कमी पडली की तीमारदारच नर्स होतो, एवढं त्या पाच रात्रींत कळलं.

मी शिक्षक, त्यामुळे मला शाळेचा आकडा आठवला. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी 30 मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण लिहिलेलं आहे. ते पाळलं जातं का, हा वेगळा विषय. पण आकडा कायद्यात आहे म्हणून पालक निदान भांडू तरी शकतो. वॉर्डासाठी असा आकडा कुणी कायद्यात घातला आहे का, हे शोधायला बसलो आणि अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात जाऊन पोहोचलो.

1990च्या दशकात तिथल्या रुग्णालयांवर खर्च कमी करण्याचा दबाव होता. विमा कंपन्या पैसे आखडून देत होत्या. नर्सचा पगार हा मोठा खर्च, म्हणून प्रशिक्षित नर्स कमी करून त्यांच्या जागी थोडंफार शिकलेले मदतनीस आणले गेले. तिथल्या नर्सच्या संघटनेचं म्हणणं साधं होतं : अंग पुसायला मदतनीस चालेल, पण रुग्णाचा श्वास बदललाय हे ओळखायला नर्सच लागते. अनेक वर्षांच्या आंदोलनानंतर 1999मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी कायद्यावर सही केली. नेमका आकडा मात्र आरोग्य खात्याने ठरवायचा होता, आणि खरी ओढाताण तिथेच झाली. साध्या वॉर्डासाठी रुग्णालयवाले म्हणाले एका नर्समागे 10 रुग्ण, नर्स म्हणाल्या 3. शेवटी जानेवारी 2004पासून 6 आणि वर्षभरानंतर 5, असं ठरलं.

ही ओढाताण चालू असतानाच, ऑक्टोबर 2002मध्ये, लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पेनसिल्व्हेनिया राज्यातली 168 रुग्णालयं, 10 हजारांहून जास्त नर्स, शस्त्रक्रिया झालेले 2 लाख 32 हजार रुग्ण. त्यातून दिसलं ते असं : नर्सच्या वाट्याला सरासरी एक रुग्ण वाढला की रुग्णाच्या 30 दिवसांत दगावण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. चाराचे आठ झाले तर 31 टक्क्यांनी. त्याच एका जादा रुग्णाने नर्स कामाने पार पिचून जाण्याची शक्यताही 23 टक्क्यांनी वाढते. म्हणजे नर्सची दमछाक आणि रुग्णाचा मृत्यू या दोन वेगळ्या तक्रारी नव्हत्या.

हे घडतं कसं? शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत कुठेही होऊ शकते, चांगल्या रुग्णालयातही. फरक पडतो तो ती वेळेवर कुणाच्या लक्षात येते का, यावर. डॉक्टर दिवसातून एक-दोनदा फेरी मारतात. मधले सगळे तास नर्सचे. आपल्या ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. हे मी वर्गात अनेकदा सांगितलं होतं, पण 37 जणांचं एकटीने ऐकायचं म्हणजे काय, याचा विचार कधी केला नव्हता.

कायदा झाला म्हणून लढाई संपली नाही. नोव्हेंबर 2004मध्ये नवे गव्हर्नर, सिनेनट अर्नोल्ड श्वार्झनेगर, यांनी 5चा आकडा स्थगित केला. नर्स ते जातील तिथे निदर्शनं करू लागल्या आणि कोर्टातही गेल्या. मार्च 2005मध्ये न्यायाधीशांनी स्थगिती बेकायदा ठरवली, आणि त्या वर्षअखेर गव्हर्नरांनी हा वाद सोडून दिला. पडद्यावर कुणालाच न हरणारा हा माणूस नर्सपुढे हरला, याची मला अजून गंमत वाटते. 2010मध्ये एकेन यांनी पुन्हा हिशेब केला. न्यू जर्सीतल्या रुग्णालयांत नर्सचं प्रमाण कॅलिफोर्नियाएवढं असतं तर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू सुमारे 14 टक्क्यांनी कमी झाले असते, पेनसिल्व्हेनियात 11 टक्क्यांनी. एका राज्याची दुसऱ्याशी तुलना म्हणजे पक्का पुरावा नव्हे, ही शंका रास्त आहे. पण ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने 2016मध्ये काही सरकारी रुग्णालयांत असंच प्रमाण लागू केलं. तिथे आधी आणि नंतर दोन्ही मोजलं, तेव्हा मृत्यू घटले. आणि रुग्ण लवकर घरी गेल्याने, पुन्हा दाखल व्हायचे टळल्याने, वाचलेला पैसा नव्या नर्सवरच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त निघाला.

आपल्याकडे आकडा नाही असं नाही. 1946च्या भोर समितीने देशात 43 हजार लोकांमागे एक नर्स असल्याचं नोंदवलं होतं. तेव्हा चांगल्या घरातली मुलगी या कामाला जायची नाही. मुस्लिम घरांत ही कुरकुर मी आजही ऐकतो, आणि तीच माणसं मदिनेत जखमींसाठी तंबू उभारणाऱ्या हजरत रुफैदांचं नाव अभिमानाने घेतात. पुढे भारतीय परिचर्या परिषदेने शिकाऊ डॉक्टरांच्या रुग्णालयातल्या साध्या वॉर्डासाठी 3 रुग्णांमागे एक नर्स असं प्रमाण सुचवलं. ऐकायला कॅलिफोर्नियापेक्षा चांगलं. पण यात तिन्ही पाळ्यांच्या नर्स एकत्र धरल्या आहेत. एका पाळीपुरतं बघितलं तर 3चे 9 होतात. कॅलिफोर्नियाचा 5 मात्र रात्री तीन वाजताही 5च असतो. शिवाय आपला आकडा हा निकष आहे. न पाळणाऱ्याला कोर्टात खेचता येईल असा तो कायदा नाही.

अब्बा बरे होऊन घरी आले. निघताना सिस्टरांचे आभार मानायला गेलो, तर त्या दुसऱ्याच एका मुलाला सलाइनची नळी कशी बंद करायची ते दाखवत होत्या.