मोतीबिंदूनंतरचा अंतर्नेत्रशोथ : उपचारनिर्णयाचा इतिहास

मोतीबिंदूवरील शलाकाक्रिया सुश्रुतसंहितेत वर्णिलेली आहे. नेत्रमणी बाहेर काढण्याची पद्धती अठराव्या शतकाच्या मध्यास झाक दाव्हिएल ह्या फ्रेंच शस्त्रवैद्याने रूढ केली. परंतु शस्त्रक्रियेनंतर नेत्रगोलाच्या आत जंतुसंसर्ग झाल्यास काय करावे, हा प्रश्न विसाव्या शतकापर्यंत जवळजवळ अनुत्तरितच राहिला. असा डोळा बहुधा गमवावाच लागे.

पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही अडचण पुरती दूर झाली नाही. रक्त आणि दृष्टिपटल ह्यांमधील नैसर्गिक अटकावामुळे शिरेतून दिलेले औषध डोळ्यात पुरेशा प्रमाणात पोहोचत नसे. १९७०नंतरच्या दशकात औषध थेट काचाभ द्रवात टोचण्याची रीत प्रस्थापित झाली. त्याच सुमारास रॉबर्ट माखेमर ह्यांनी काचाभ द्रव काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सिद्ध केली. ती प्रत्येक रुग्णावर करावी काय आणि शिरेतील औषध चालू ठेवावे काय, ह्याविषयी मात्र मतभेद होते.

त्यांचा निर्णय अमेरिकेतील २४ केंद्रांत ४२० रुग्णांवर झालेल्या चाचणीने केला. तिचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. डोळ्यात औषध सर्वांनाच टोचले होते. तत्काळ शस्त्रक्रिया आणि शिरेतील औषध ह्यांचे वाटप मात्र यदृच्छेने केले होते. डोळ्यासमोर हललेला हात ज्यांना कळत होता, त्यांना शस्त्रक्रियेचा अधिक लाभ झाला नाही. ज्यांना केवळ उजेडच कळत होता, त्यांच्यापैकी २०/४० वा अधिक चांगली दृष्टी शस्त्रक्रियेने ३३ टक्क्यांना, तर तिच्यावाचून ११ टक्क्यांना लाभली. तीव्र दृष्टिनाशाचे प्रमाण अनुक्रमे २० व ४७ टक्के होते. शिरेतून दिलेल्या सेफ्टाझिडीम व अमिकासिन ह्यांनी दृष्टीत फरक पडला नाही.

ह्या निष्कर्षांची व्याप्ती ध्यानात ठेवणे अवश्य आहे. चाचणीतील रुग्ण मोतीबिंदूच्या अथवा कृत्रिम भिंग बसविण्याच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत आलेले होते. इजेमुळे झालेल्या संसर्गास तिचा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. पुढे उपकरणे सुधारली, डोळ्यात अधिक शिरणारी औषधे आली आणि वाद पुन्हा उपस्थित झाला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत शस्त्रक्रियेच्या अखेरीस डोळ्यात सेफ्युरॉक्सिम दिल्याने संसर्गाचा धोका सुमारे पाचपटीने घटल्याचे आढळले, आणि प्रतिबंधाला नवे महत्त्व आले. तथापि, उपचार ठरविताना आरंभीची दृष्टी किती उरली आहे हे प्रथम पाहावे, हा १९९५च्या चाचणीचा धडा आजही मार्गदर्शक आहे.