शिकते हात आणि सरकारी थैली

‘अनुदान’ हा शब्द आम्हां कारकून मंडळींच्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्यात ‘दान’ आहे हे आम्ही बहुधा विसरूनच गेलो आहोत. मंजुरीचा आदेश, पहिला हप्ता, उपयोगिता प्रमाणपत्र, दुसरा हप्ता आणि वर्षअखेरीस उरलेली शिल्लक परत, एवढ्या पायऱ्यांत आमचे अनुदान संपते. परंतु वयात आलेल्या, पोट मागे लागलेल्या माणसाला हुन्नर शिकविण्यासाठी सरकारने थैली केव्हा सोडली व का सोडली, याचा मागोवा घेऊ लागले म्हणजे खमरियाच्या आसपासच त्या इतिहासाचे जुने थर हाती लागतात.

जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेले ते 1817च्या अखेरीस. पुढे स्लीमनसाहेबाने ठगांचा बंदोबस्त मांडला त्यात हेच शहर मुख्य ठाणे होते. ठगांपैकी जे माफीचे साक्षीदार झाले त्यांची मान फासातून सुटली खरी. पण त्यांना मोकळे सोडण्याची छाती कोणाची होणार? त्यांची पोरे वाढत होती, त्यांनी बापाचा धंदा उचलला तर केलेले सारे पाण्यात. तेव्हा 1838च्या सुमारास स्लीमनचा साहाय्यक कॅप्टन ब्राउन याच्या देखरेखीखाली येथे उद्योगशाळा निघाली. तंबू शिवणे, शतरंज्या व गालिचे विणणे ही कामे तेथे चालत. प्रौढ माणसास सरकारी आश्रयाने धंदा शिकविल्याचे हे आपल्या देशातील फार जुने उदाहरण होय. मात्र शिकणाऱ्याची मर्जी त्यात कोणी विचारली नव्हती. वाटसरूचा गळा आवळणारा हात मागावर बसला म्हणजे रस्ते निर्धास्त झाले; सरकारला हवे होते ते एवढेच. यात आम्ही दोष काढीत नाही. पण थैलीची गाठ सोडणारी बोटे भीतीची होती, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

1854 सालच्या वुडच्या खलित्याने शाळांस साहाय्यक अनुदान देण्याची रीत घातली, तिचा लाभ पोरांच्या शाळांना व कॉलेजांना झाला. हातावर पोट असलेला मोठा माणूस उंबरठ्याबाहेरच राहिला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढले ते संस्थानच्या पैशाने. इंग्रजी मुलखात तशी दानत क्वचितच दिसली.

मग आले दुसरे महायुद्ध. कारखान्यांना फिटर हवेत, टर्नर हवेत, आणि देशात तर त्यांचा दुष्काळ! 1940 साली हिंदुस्थान सरकारच्या मजूर खात्याने तांत्रिक शिक्षणाची युद्धकालीन योजना सुरू केली. शिकणाऱ्यास शिकताना विद्यावेतन मिळू लागले. 1941पासून काही कारागीर थेट विलायतेस धाडले गेले; तेथील मजूरमंत्री बेव्हिन यांच्या नावावरून त्यांना ‘बेव्हिन बॉइज’ म्हणत. आमच्या खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला तोही याच धामधुमीत, 1942 साली.

त्याच वर्षी जुलै महिन्यात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे आले, आणि ही योजना त्यांच्या कक्षेत गेली. खात्याचा मंत्री युद्धाची गरज भागविण्यास बांधलेला असतो, तसे तेही होते. परंतु त्याच ऑक्टोबरात त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांस अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन सादर केले, त्यात उच्च शिक्षणाच्या साहाय्याबरोबरच तांत्रिक शिक्षणाची मागणी मांडलेली आहे. कारखान्याला किती हात हवेत, हा सरकारचा हिशेब; कोणत्या हातांना आजवर हत्यार धरूच दिले नाही, हा बाबासाहेबांचा. आमच्या वाचनात एकाच खात्याच्या एकाच मंत्र्याने हे दोन्ही हिशेब एकदम मांडल्याचे दुसरे उदाहरण नाही.

युद्ध संपले आणि भीतीने रूप पालटले. लाखो सैनिक घरी परतणार, ते रिकामे बसले तर? म्हणून जुलै 1945मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले आणि लढाईसाठी उघडलेली शिक्षणाची दारे परतलेल्या शिपायांना मिळाली. दोन वर्षांत फाळणी झाली, आणि तीच दारे निर्वासितांना उघडली. शिकविणाऱ्यांना शिकविण्यासाठी 1948 साली केंद्रीय संस्था निघाली ती आपल्याच त्या वेळच्या प्रांतात, बिलासपूरजवळच्या कोनी येथे. 1950 साली कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि आय.टी.आय. हे नाव घरोघरी झाले.

येथे आम्हां कारकुनांच्या जिव्हाळ्याची एक तारीख येते. 1 नोव्हेंबर 1956! वाचकांना ही तारीख वेगळ्याच कारणाने आठवत असेल. त्या दिवशी नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले, जबलपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले, आणि काल एका प्रांतात नांदणारी कितीएक मराठी कुटुंबे कागदोपत्री परप्रांतीय झाली. त्याच दिवशी या प्रशिक्षण संस्थांचा कारभार केंद्राकडून राज्यांकडे सोपविला गेला. खर्चाची वाटणी ठरली ती अशी की, शंभरातले साठ केंद्राने सोसावे, चाळीस राज्याने. कागदावर ही वाटणी उदार दिसते. पण टिपण लिहिणारा कोणीही सांगेल की, साठ आणावयाचे तर आधी चाळिसांची सोय दाखवावी लागते. ज्याची तिजोरी आटलेली त्याला पलीकडचे साठही दुरूनच पाहावे लागतात. हा क्रम 31 मार्च 1969पर्यंत चालला. नंतर सारा भार राज्यांवर गेला. मधल्या काळात 1961च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले, ही गोष्ट चांगली झाली. परंतु ही सर्व व्यवस्था शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांची. दोन लेकरांचा बाप पाळी संपवून कोठे शिकणार?

या प्रश्नाला पहिले नीट उत्तर मुंबईत मिळाले. 1967 साली वरळीस देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ उघडले. मुंबई शहर समाजशिक्षण समितीने ते चालवावे व केंद्र सरकारने अनुदान द्यावे, अशी योजना होती. ही समिती 1939च्या साक्षरता मोहिमेपासूनची, चाळींतल्या जिन्यांची ओळख असलेली. कामगाराची पाळी पाहून वर्गाची वेळ ठरवावी आणि त्याच्या गरजेप्रमाणे अभ्यासक्रम बेतावा, हा त्यामागचा विचार होता. ठगशाळेपासून निघालेली थैली येथे प्रथमच शिकणाऱ्याच्या दारात येऊन उभी राहिली, असे आमचे मत आहे. पुढे अशी विद्यापीठे देशभर निघाली, 2000 साली त्यांचे ‘जनशिक्षण संस्थान’ असे नामांतर झाले, आणि 2018 साली ती शिक्षण खात्यातून कौशल्यविकास खात्याकडे गेली.

पण ज्या गिरणगावाजवळ हे रोप लावले, त्याच गिरणगावावर जानेवारी 1982च्या संपानंतर कुऱ्हाड कोसळली. एका मागावर आयुष्य काढलेल्या माणसांना नवा धंदा शिकविण्याची याहून मोठी निकड कोणती? 1992 साली केंद्राने राष्ट्रीय पुनर्नवीकरण निधी उभारला, त्याच्या उद्देशांत पुनर्प्रशिक्षण होतेच. प्रत्यक्षात त्यातील बहुतेक रक्कम सरकारी उद्योगांतील स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाली. शिकविण्याच्या वाट्याला थोडकेच आले. जनशिक्षण संस्थानांसाठी वयाची अट 15 ते 45 अशी आहे. सेहेचाळिसाव्या वर्षी ज्याची गिरणी बंद पडते, त्याचा अर्ज कोणत्या शीर्षाखाली घ्यावा?

आमच्या खमरियात दारू भरणाऱ्या कामगाराला ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’ म्हणतात. काडेपेटी बाहेर ठेवून आत जाणारा हा माणूस जे कसब शिकतो, त्याला फाटकाबाहेर गिऱ्हाईक नाही. 2021च्या ऑक्टोबरात आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले, हा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेला, आणि त्यानंतर या पदांच्या मुदतबंद नेमणुकांच्या जाहिराती निघू लागल्या. अर्जदाराने शिकाऊ उमेदवारी आधीच केलेली असावी, अशी त्यांत अट असते. तेव्हा मुदत सरल्यावर त्याला पुन्हा उमेदवार होता येणार नाही. आणि जनशिक्षण संस्थानाची दारे मुख्यतः निरक्षरांसाठी, नवसाक्षरांसाठी व शाळा सुटलेल्यांसाठी. वेस्ट लँडच्या रस्त्याने सायकलीवरून पाळीला जाणारी ही तिशीतली माणसे आम्ही रोज पाहतो.