फक्त दोन राज्यं कमी पडली!

ऋण काढून सण करू नये, असं आपल्याकडे घराघरांत सांगतात. अमेरिकेतली अनेक राज्यं हाच नियम थेट देशाच्या राज्यघटनेत घाला म्हणून जवळपास पन्नास वर्षं केंद्राच्या मागे लागली आहेत.

त्यांच्या घटनेचं पाचवं कलम वाचण्यासारखं आहे. घटनादुरुस्ती तिथली संसद, म्हणजे काँग्रेस, सुचवू शकतेच. पण ५० पैकी ३४ राज्यांच्या विधिमंडळांनी मागणी केली, तर घटनादुरुस्तीसाठी वेगळी परिषद बोलवावीच लागते. तिथे ठरलेलं ३८ राज्यांनी मान्य केलं की दुरुस्ती पक्की. हा रस्ता आजवर एकदाही शेवटपर्यंत वापरला गेलेला नाही.

१९७०च्या दशकात महागाई भडकली, केंद्राची तूट वाढत गेली. राज्यांचं म्हणणं सरळ होतं: आम्हाला आमचं बजेट जुळवायचं बंधन, मग वॉशिंग्टनला का नाही? ठरावांची रांग लागली. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनीही पाठिंबा दिला. १९८३ मध्ये मिसुरी हे ३२वं राज्य ठरलं. हवी होती फक्त दोन!

आणि गाडी तिथेच अडकली. का? भीती. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात जुना करार दुरुस्त करायला बसलेल्या मंडळींनी अख्खी नवी घटनाच लिहून काढली होती. पुन्हा तसं झालं तर? नागरिकांचे हक्कच कुणी खोडले तर? डावे घाबरले, कडवे उजवेही घाबरले. १९८८ मध्ये अलाबामा आणि फ्लोरिडानं, १९९० मध्ये लुइझियानानं ठराव मागे घेतले.

पण दबाव वाया गेला नाही बरं का. १९८२ मध्ये सिनेटनं अशी दुरुस्ती ६९ विरुद्ध ३१ मतांनी मंजूर केली, ती प्रतिनिधिगृहात अडली. १९८५ मध्ये तूट कमी करण्याचा कायदा आला. १९९७ मध्ये तर सिनेटमध्ये दुरुस्ती एका मतानं पडली. गंमत म्हणजे लगेच १९९८ ते २००१ अशी चार वर्षं दुरुस्ती नसतानाही बजेट शिलकीत होतं!

पुढे कर्ज पुन्हा चढलं. २०१३ मध्ये ओहायो, २०१४ मध्ये मिशिगननं ठराव केले. दुसरीकडे काही राज्यांनी माघार घेतली. ३४ चा आकडा अजून लांबच आहे. कर्ज मात्र ३६ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलंय.

यात एक पेच आहे. राज्यं स्वतःचं बजेट जुळवतात, पण त्यात केंद्राच्या अनुदानाचा मोठा हात असतो. २०२० च्या कोरोनात केंद्रानं कर्ज काढूनच राज्यांना सावरलं. केंद्राचे हात घटनेनंच बांधले, तर अशा वेळी धावून येणार कोण? आणि नाही बांधले, तर व्याज भरणार पुढची पिढी.

आपल्याकडे घटनादुरुस्तीची सुरुवात फक्त संसदेत होते. काही विषयांत निम्म्या राज्यांची संमती लागते, पण पहिलं पाऊल राज्यांना टाकता येत नाही. तिकडे न वापरलेल्या अधिकारानंही केंद्राला हलवलं. आपल्या राज्यांना असा अधिकार असावा का? तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणानं लिहा.