करमणें आणि करमणूक

नागझिऱ्याच्या वनालगत, तळ्याकांठीं वसलेल्या चोरखमाऱ्यासारख्या गांवीं पाहुणा दोन दिवस राहिला, कीं यजमान पुसतो, “करमतें ना?” ही कांहीं खेळतमाशाची चौकशी नव्हे, मन रमलें कीं नाहीं, एवढेंच त्याला जाणावयाचें असतें. सासरीं आलेली मुलगी ‘करमत नाहीं’ म्हणते, तेव्हां तिला तमाशा नको असतो. आपलीं माणसें हवीं असतात. ‘मी करमतों’ असें कोणी म्हणत नाहीं. ‘मला करमतें’ असेंच म्हणतात. करमणें हें आपल्या हातचें नाहीं, तें भोंवतालच्यांवर अवलंबून असतें, हें आपल्या भाषेनें पूर्वींच ओळखलें आहे.

‘करमणूक’ मात्र मनोरंजनाकडे झुकली. १९२३ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत तिजवर करही बसला. परंतु हरिभाऊ आपटे यांनीं १८९० सालीं पुण्यांत ‘करमणूक’ साप्ताहिक काढलें आणि त्यांत ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः छापली, ती तरुणपणीं वैधव्य आलेल्या यमूची आत्मकहाणी होती. पाहुण्याला आपण सहज पुसतों, तो प्रश्न घरच्या मुलीला पुसावयाचा राहिला होता. तो ‘करमणुकी’नें पुसला.